बसचा फोटो ठेवायचा कधी, उडवायचा कधी? आणि बेळगाव-निपाणी पट्ट्यात उभं कुठं राहायचं?

तवंदीचा_वारा

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत एक काम उरकलं. नऊ वर्षांत काढलेले बसचे सगळे फोटो चाळायला घेतले. अकरा हजारांच्या वर निघाले. त्यातले साडेनऊ हजार उडवले. बायको म्हणाली, एवढ्या जोरात माळा आवरला असता तर बरं झालं असतं.

उडवताना कसोटी एकच लावत गेलो. गाडी अख्खी चौकटीत पाहिजे, मागचा बंपरसुद्धा. तोंडावर ऊन पाहिजे आणि दाराच्या बाजूवरही. खांबाची सावली किंवा तारेची रेघ तोंडावर नको. पुढं मोटरसायकल आडवी आली असेल तर फोटो कितीही जीव लावून काढलेला असो, गेला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाटीवरचं गाव वाचता आलं पाहिजे. आपल्या भागात तर पाटीच बघायची असते. एकाच रस्त्यावर एका गाडीवर ‘बेळगाव’, मागून येणारीवर कन्नडमध्ये ‘बेळगावी’. ती पाटी वाचता येत नसेल तर गाडी कुठलीही असू शकते, सांगलीची नाहीतर शिमोग्याची.

आता अडचण अशी की नियम कडक झाले आणि जागा संपल्या. तवंदी घाटातली माझी जुनी जागा सहापदरीच्या कामात धुळीनं भरली. निपाणी स्टँडवर गर्दी आणि सावली. बेळगावच्या मध्यवर्ती स्टँडवर गाड्या फलाटाला तोंड लावून उभ्या, आपल्याला दिसतं ते बूड. तुम्ही लोक कुठं उभे राहता? आणि तुमची कसोटी काय?

लाल_डबा

साडेनऊ हजार??? पाणी प्या आधी.

खिडकीवाला

माझी कसोटी: बस दिसली पाहिजे. आजपर्यंत सगळे फोटो पास झालेत.

जुना_कंडक्टर

मी फोटो काढत नाही, पण तीस वर्षं गाडीच्या आत काढलीत, म्हणून दोन शब्द.

रस्त्याकडंला उभं राहून ड्रायव्हरला हात करू नका. तुम्हाला वाटतं तो हॉर्न देईल, लाइट मारेल, फोटो झकास येईल. त्याला वाटतं प्रवासी आहे. तो ब्रेक मारतो, मागचा ट्रक त्याच्यावर ब्रेक मारतो, आणि कंडक्टर दार उघडून विचारतो, कुठं जायचंय. तुम्ही म्हणता, कुठं नाही, फोटो. त्यानंतर जे ऐकायला मिळतं ते कन्नड असो की मराठी, कळतं.

खिडकीवाला

काका, हे माझ्याबरोबर झालंय. हत्तरगीच्या अलीकडं. गाडी थांबली, आख्खी गाडी खिडकीतून माझ्याकडं बघायला लागली. लाजेखातर चढलो आणि संकेश्वरचं तिकीट काढलं. मोटरसायकल तिथंच राहिली. परत येताना दुसरं तिकीट.

मुक्ता_ये

मला तिकीट लागलं नसतं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकच्या गाड्यांत आम्हा बायकांना शक्ती योजना आहे. हात करा, चढा, उतरा, परत या, सगळं फुकट. फोटोग्राफीला इतकी सोयीची योजना शोधून सापडणार नाही.

खिडकीवाला

ताई, जखमेवर मीठ.

पेठेतला_लेन्सवाला

तवंदीचा_वारा यांच्या कसोटीशी सहमत आहे, पण ती अपुरी आहे. फोटो समोरून पाऊण कोनातून (तोंड आणि एक बाजू दोन्ही दिसतील असा), डोळ्याच्या उंचीवरून आणि किमान ७० ते १०० मिलिमीटर लेन्सनं घेतलेला असावा. मोबाइलच्या वाइड लेन्सनं जवळून काढलेली बस पपईसारखी दिसते, तोंड मोठं आणि शेपूट बारीक. असे फोटो मी बघतही नाही.

लाल_डबा

बघत नाही तर पपई कशी दिसली?

केए_बावीस

लेन्सवाल्यांचं चुकीचं नाही, फक्त बोलण्याची पद्धत पेठेतली आहे. मोबाइलवाल्यांनी दहा पावलं मागं सरून दोन पट झूम करावं, पपईची बस होते.

पण मला मूळ पोस्टमधल्या साडेनऊ हजारांबद्दल बोलायचंय. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण बंद झालं. त्यात परिवहन मंडळांच्या बसही आल्या. आपण लहानपणी ज्यांतून फिरलो त्या गाड्या भंगारात गेल्या. त्यांचा ऊन नसलेला, खांब आडवा आलेला, अर्धी पाटी कापलेला फोटोही आता कुणी नव्यानं काढू शकत नाही. माझे दोन ढीग आहेत. एक दाखवायचा आणि एक ठेवायचा. दाखवायच्या ढिगाला तुमच्यापेक्षा कडक नियम. ठेवायच्या ढिगाला एकच नियम, नंबर वाचता आला की बास.

आजोळ_निपाणी

+१. वारा, त्या उडवलेल्यांत २०१६-१७ च्या चिक्कोडी विभागाच्या गाड्या होत्या का हो? निपाणी डेपोची एक जुनी लेलँड होती, मागच्या काचेला तडा आणि त्यावर पांढरी पट्टी चिकटवलेली. आम्ही तिला ‘प्लास्टरवाली’ म्हणायचो. कॉलेजची तीन वर्षं तिच्यातून गेली. एकही फोटो नाही.

तवंदीचा_वारा

प्लास्टरवाली आठवते. तीन-चार तरी फोटो होते माझ्याकडं. मागून काढलेले म्हणून उडवले. कचरापेटीही परवाच रिकामी केली. काय बोलू.

आजोळ_निपाणी

असो.

केए_बावीस

म्हणून म्हणालो.

शिनोळीकर

जागा इचारलासा न्हवं, मग आमच्यात या की. बाची सोडलं की शिनोळी. बेळगाव-वेंगुर्ला रोड. चंदगड, सावंतवाडीकडं जाणारी एसटी, बेळगावास्नं येणारी कर्नाटकची गाडी, दोन्ही मिळत्यात. कारखान्यांच्या पाळीच्या टायमाला गर्दी असते, तेवढा टायम सोडायचा. मी गवतात बसून फोटो काढत हुतो तर एक म्हातारी आली, म्हणाली, काय करूलालास रं? म्हटलं, बसचा फोटो काढूलालोय. म्हणाली, बस पळून चालल्या काय?

मुक्ता_ये

म्हातारी बरोबर बोलली असती तर प्लास्टरवालीचा फोटो असता. पळूनच चालल्यात.

पाटीवाचक

जागा शोधताना सगळे आधी देखावा बघतात, डोंगर आहे का, पूल आहे का. मी आधी नकाशावर रस्त्याची दिशा बघतो. तेवढं एक जमलं की निम्मं काम झालं. थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

कोल्हापूर ते धारवाड हा ४८ नंबरचा महामार्ग ढोबळमानानं उत्तर-दक्षिण आहे. थंडीत सूर्य आग्नेयेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडं झुकलेला असतो. म्हणजे निपाणीहून बेळगावकडं जाणाऱ्या गाडीचं तोंड सूर्याकडं. आपल्याकडं गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळं दक्षिणेला जाणारी गाडी रस्त्याच्या पूर्व बाजूनं जाते आणि तिचं दारही पूर्वेला. सकाळी पूर्वेच्या सर्व्हिस रोडला उभे राहा: सूर्य पाठीमागं, गाडी जवळच्या बाजूनं, तोंड उजळलेलं, दाराची बाजू उजळलेली. डिसेंबर-जानेवारीत साडेसात ते नऊ हा वेळ सोन्यासारखा. नऊनंतर सावल्या आखूड होतात आणि काचेवर आभाळ चमकायला लागतं.

उलट, कोल्हापूरकडं जाणाऱ्या गाडीचं तोंड थंडीभर काळंच.

लाल_डबा

कोल्हापूरकडं जाणाऱ्या गाडीचं तोंड काळं!! हे तुम्ही १ नोव्हेंबरच्या, सीमाभागातल्या काळ्या दिवसाच्या आठवड्यात लिहिताय होय?

खिडकीवाला

सूर्यसुद्धा त्यांना सामील झाला म्हणायचं 😄

पाटीवाचक

मला माहीत होतं हे येणार. सूर्याला सीमाप्रश्न माहीत नाही. त्या गाड्यांना त्यांचा वेळ आहे की. बेळगाव साधारण पावणेसोळा अंशांवर. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग ऑगस्टपर्यंत दुपारचाही उत्तरेला असतो. उत्तरेकडं जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन पाहिजे तर मेच्या संध्याकाळी पश्चिमेच्या बाजूला उभं राहायचं. जूनपासून पाऊस, तेव्हा कुणाच्याच तोंडावर काही नाही.

पूर्व-पश्चिम रस्ते सोपे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्यावरून गोव्याला जाणारा, किंवा शिनोळीकरांचा. सकाळी बेळगावला येणारी गाडी घ्यायची, संध्याकाळी जाणारी. सूर्याकडं निघालेली गाडी, एवढं लक्षात ठेवायचं.

एक_वाचक

१ नोव्हेंबरचा विषय निघालाच आहे तर मला असं म्हणायचंय की आपल्या गाड्यांना जी वागणूक

(बाकीचा मजकूर संपादकांनी काढला आहे. त्या विषयाचे धागे वेगळे आहेत, कृपया तिकडं. इथं बस. — संपादक)

केए_बावीस

धन्यवाद संपादक. पण एक गोष्ट बसचीच आहे म्हणून लिहितो. डिसेंबर २०२२ मध्ये दगडफेकीनंतर एसटीनं कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या होत्या. त्या दिवसांत मी महामार्गावर गेलो होतो. नेहमीच्याच जागेवर दोन तास उभा राहिलो, लाल गाडी एकही आली नाही. रिकाम्या रस्त्याचा एक फोटो काढला. बसच्या संग्रहात तो एकच फोटो बिनबसचा आहे आणि तो दोन्ही ढिगांत आहे.

पेठेतला_लेन्सवाला

हे आवडलं.

लाल_डबा

पेठेनं कौतुक केलं, तारीख लिहून ठेवा.

आजोळ_निपाणी

पाटीवाचक यांच्या गणितात एक पीक राहिलं. ऊस!

यमगर्णीजवळ वेदगंगेचा पूल आहे, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी येऊन महामार्ग बंद पडला होता तो भाग. तिथल्या शेताच्या कडेनं नदी, पूल आणि गाडी एका चौकटीत बसतात. नकाशावर बघून एक पाहुणे मित्र ऑक्टोबरात आले. समोर दीड पुरुष उंच ऊस. दिसलं काय, तर बसचं टप. आमच्याकडच्या निम्म्या जागा तोड झाल्यावरच उघडतात. कुठल्या फडाला कधी कोयता लागणार हे शेतमालकाला विचारावं लागतं, आणि तोही कारखान्याच्या चिठ्ठीची वाट बघत असतो. मी मामांकडून दर आठवड्याला बातमी घेते. मामांना वाटतं भाचीला शेतीची आवड लागली.

तंबाखू आणि सोयाबीनची रानं मात्र कायमची मोकळी. आणि बांधावर उभं राहायच्या आधी विचारा. कुणी नाही म्हणत नाही, उलट गूळ-शेंगा मिळतात.

मुक्ता_ये

आणि खानापूर-चंदगडच्या बाजूला भात. तो गुडघ्याएवढाच, कधी आड येत नाही.

मला उभं राहण्याबद्दल वेगळं सांगायचंय. महामार्गाच्या कडेला एकट्या बाईनं तासभर उभं राहणं पुरुषांना वाटतं तेवढं सोपं नाही. दर दहा मिनिटांनी कुणीतरी थांबतं. त्यामुळं माझ्या जागा ठरवताना ऊन दुसऱ्या नंबरावर. पहिला नंबर चहाच्या गाड्याचा, तोही बाई चालवत असलेला असेल तर उत्तम. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ, मलप्रभेच्या उगमाला लोक येत-जात असतात, तिथं निवांत उभं राहता येतं. जांबोटीच्या तिठ्यावर गाडी हळू होते, वळते, दोन सेकंद जास्त मिळतात. ते दोन सेकंद मला घाटातल्या देखाव्यापेक्षा प्यारे.

माझी कसोटी: खिडकीत बसलेल्या बाईचा चेहरा स्पष्ट येत असेल तर तो फोटो मी कुठं टाकत नाही. ठेवते, टाकत नाही.

जुना_कंडक्टर

हे सगळ्यांनी पाळा. ड्रायव्हरचं पण. त्यानं सीटबेल्ट लावलेला नसला आणि तुमचा फोटो फिरला, तर नोटीस त्याला येते.

केए_बावीस

बेळगावात नवीन असणाऱ्यांसाठी: कॅम्प भागात कॅमेरा काढू नका. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. सांबऱ्याकडं विमानतळ आणि हवाई दल, तिकडं ड्रोनचं नावही नको. मला एकदा हटकलं होतं. ‘फोटो याक तगीतीरी?’ म्हणजे फोटो का काढताय. म्हटलं, बसचा आहे साहेब. त्यांनी मोबाइल घेऊन मागचे चाळीस फोटो बघितले. चाळीस बस. परत देताना चेहऱ्यावर जी कीव होती ती अजून विसरलो नाही.

खिडकीवाला

कीव 😂 आमच्या घरी रोज मिळते.

शहरात उभं राहायचं तर माझी आवडती जागा किल्ला तलावाकडची. स्टँडवरून बाहेर पडलेली गाडी तिथं अजून वेगात नसते. रविवारी सकाळी रिक्षाही कमी.

लाल_डबा

मी राजहंसगडाच्या पायथ्याला येळ्ळूरकडं एकदा दोन तास थांबलो. डोक्यात कल्पना अशी की वर राजहंसगड, खाली राजहंस बस. मथळाही तयार होता.

पाटीवाचक

राजहंस लांब पल्ल्याची. येळ्ळूरला कशाला येईल?

लाल_डबा

हे दोन तासांनंतर कळलं. शेवटी गडावर जाऊन आलो. येताना कुंदा घेतला. दिवस वाया गेला असं नाही म्हणता येणार.

शिनोळीकर

कुंदा कुठनं घेतलासा?

(कुंद्यावरचे चौदा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. — संपादक)

तांत्रिक_तंगडी

पाटी वाचता आली पाहिजे, या नियमाबद्दल. आता पुष्कळ गाड्यांवर एलईडी पाट्या आल्यात. डोळ्याला अख्खी दिसते, फोटोत अर्धं अक्षर. कारण ते दिवे सलग पेटत नाहीत, ओळी-ओळीनं लुकलुकतात. शटर १/५०० सेकंदावर असेल तर एखादीच ओळ सापडते. १/१०० च्या आसपास आणा, बहुतेक पाट्या पुऱ्या येतात. पण मग धावती गाडी हलते. म्हणून कॅमेरा गाडीबरोबर फिरवायचा, किंवा मुक्ताताई म्हणतात तसं वळणावर गाठायची.

आणि एसटीचा लाल. ऊन पडलं की कॅमेऱ्याला तो लाल झेपत नाही, पत्र्यावरचे रिबिट, वळ्या सगळं सपाट होतं. उजेड थोडा कमी ठेवून घ्या, मागाहून वाढवता येतो.

पाटीवाचक

रंगवलेल्या पाटीचं हे एक सुख. कुठल्याही वेगात वाचता येते. मी कन्नड अक्षरं शाळेत शिकलो नाही, बसच्या पाट्यांवर शिकलो. आधी ‘निप्पाणि’, मग ‘चिक्कोडि’. चिक्कोडीतला ‘क’ आला की अर्धं काम होतं. अजून वर्तमानपत्र नीट वाचता येत नाही, पण वायव्य कर्नाटक परिवहनची कुठलीही पाटी पन्नास मीटरवरून वाचतो.

आजोळ_निपाणी

वारा, तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: मार्गशीर्ष पौर्णिमा.

सौंदत्तीच्या यल्लम्माला कोल्हापूर भागातून एसटीच्या गाड्या निघतात, एकामागून एक. एरवी तासभर थांबून दोन लाल गाड्या मिळतात, त्या दिवसांत मोजायला बोटं पुरत नाहीत. पुढं केळीचे खुंट बांधलेले, हार, तोंडाला भंडारा फासलेला. आणि पाटीवाचकांच्या हिशेबानं बघा: डिसेंबर महिना, दक्षिणेला तोंड, सकाळचा वेळ. यमगर्णीच्या अलीकडं मामांचा शेजारचा फड तोवर गेलेला असेल. या.

तवंदीचा_वारा

आलोच.

तवंदीचा_वारा

(पाच आठवड्यांनी) मंडळी, जाऊन आलो. आजोळताई, तुमच्या मामांनी शेंगा दिल्या, शिवाय बसायला पोतं. साडेसहाला पोचलो, धुकं होतं. साडेसातला फुटलं आणि पावणेआठला पहिली गाडी आली. लाल तोंडावर पिवळा भंडारा आणि त्यावर कोवळं ऊन. आतून ‘उदं गं आई उदं’. पोरं खिडकीतून हात हलवत होती. मी हात केला नाही, कंडक्टरकाकांचं ऐकलं. नऊपर्यंत एकोणीस गाड्या मिळाल्या.

त्यातल्या एकीचा फोटो नऊ वर्षांतला सर्वांत चांगला आहे. अख्खी गाडी, मागचा बंपरसुद्धा. तोंडावर ऊन, दाराच्या बाजूवरही. खांब नाही, तार नाही, मोटरसायकल नाही. फक्त एक घोळ झाला. पाटीवर गावच नाही. पाटीवर लिहिलंय ‘प्रासंगिक करार’.

पाटीवाचक

एकोणीसच्या एकोणीस गाड्यांवर तेच असणार की! यात्रेच्या गाड्या करारानं घेतलेल्या.

तवंदीचा_वारा

एकोणीसच्या एकोणीस.

लाल_डबा

नियम म्हणजे नियम. उडवा.

जुना_कंडक्टर

उडवू नका हो. आणि भंडाऱ्यानं नंबर झाकला नसेल तर मला नंबर कळवा, आमच्या आगाराची आहे का बघतो.

आजोळ_निपाणी

कचरापेटी रिकामी करायच्या आधी मला पाठवा. सगळे.